दुसरा भाग का खपला नाही

त्या खेळाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर अजूनही कुठून तरी एखादा टक्कल पडलेला तरुण उगवेल आणि "बाई, तुम्हाला दुसरा भाग कळलाच नाही" म्हणून हुज्जत घालत बसेल. मला वादाची भीती नाही, शनिवार पेठेत वाढलेल्या बाईला ती कशाला असेल? पण आता गुडघे दुखतात, आणि वाद उभ्यानेच रंगतो असा माझा अनुभव आहे. म्हणून आपलं पहिला आणि दुसरा एवढंच म्हणू. तेव्हा आम्हीही तेवढंच म्हणायचो. पहिला म्हणजे महिनोन्‌महिने पुरणारा, एखाद्या जाडजूड कादंबरीसारखा व्हिडिओ गेम. आपण एक भटका योद्धा व्हायचं, गावोगाव हिंडायचं, माणसं जोडायची, कोणाला वाचवायचं आणि कोणाला सोडून द्यायचं ते आपणच ठरवायचं. माझ्या वयाच्या कितीतरी पोरापोरींनी त्याच्यावरून जीव ओवाळून टाकला होता. मग बऱ्याच वर्षांनी दुसरा आला आणि आपटला. कंपनीनेच सांगून टाकलं की विक्री अपेक्षेपेक्षा फार कमी झाली, तिसऱ्याचं आता काही खरं नाही. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी त्या खेळाचं पोस्टमॉर्टेम सुरू झालं.

घरात म्हणजे अगदी घरात, जेवणाच्या टेबलांवर. आई खानावळ चालवायची. इमारत नवी होती, लिफ्ट होती, पण आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर असल्यामुळे मुलं जिन्यानेच धडधडत वर यायची आणि आईला पावलांवरून कोण आलं ते कळायचं. पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं आणि चार बाकं, भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. साडेसातला पहिली पंगत बसायची. स्वयंपाकघरातून लाटण्याची लय, तव्यावर पोळी उलटल्याचा चर्र आवाज, एक्झॉस्ट फॅनची घरघर आणि स्टीलच्या ताटांचा खणखणाट, या सगळ्याच्या वरून आईचा आवाज: "कोणाला भात? नंतर मागितलात तर मिळणार नाही." मिळायचा, दर वेळी मिळायचा. बारा-तेरा जण होते. आई सगळ्यांना मुलंच म्हणायची. त्यातल्या एकाचं लग्न ठरून मोडून पुन्हा ठरलं होतं, तरी तो मुलगाच. गुरुवारी मसालेभात, शनिवारी भरली वांगी, रविवारी दुपारी अळूची भाजी आणि काहीतरी गोड, आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी. अजूनही रविवारची संध्याकाळ झाली की मला उगीचच मोकळं वाटतं.

बाबा एका शाळेत कारकून होते. त्यांचं बोलणं कमी आणि लिहिणं फार. खानावळीच्या भिंतीवर त्यांच्या पाट्या असत, पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या मार्करने, वळणदार अक्षरात. "बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही." "ताटात टाकलेले अन्न घरी बांधून दिले जाईल." "पोळी हवी असल्यास हात वर करावा. शाळेत गेला असाल तर जमेल." नवीन मुलगा आला की पहिले दोन दिवस घाबरून जेवायचा, मग त्याला कोणीतरी सांगायचं की अरे, हे असंच असतं, मनावर घ्यायचं नाही. आई त्या पाट्या कधीच वाचत नसे. "लिहू देत, तेवढाच त्यांचा जीव रमतो," म्हणायची. माझं अक्षर हुबेहूब बाबांसारखं होतं. लहानपणी त्यांनी पट्टी घेऊन गिरवून घेतलं होतं, त्याचा मला फार तोरा होता.

या मुलांमध्ये गजूभाऊ होता. गजानन, यवतमाळकडच्या एका खेड्यातला, हडपसरला कारखान्यात नोकरीला. राहायला मात्र आमच्या पेठेत, एका खोलीत भाड्याने खाट घेऊन. कारखान्यातली बाकीची मुलं तिकडेच राहायची. हा रोज तासभर बसमधून लोंबकळत यायचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "काकूचं जेवण सोडून जाते काय कोणी!" तेही खरं नव्हतं, कारण सुरुवातीला त्याला आईचं जेवण बिलकूल जात नव्हतं. आमच्या आमटीत गूळ. पहिल्या दिवशी त्याने घास घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की मी आत जाऊन पोट धरधरून हसले. मग तो खिशात मिरचीच्या ठेच्याची डबी घेऊन यायला लागला. आईने चार दिवस ते पाहिलं, नाक मुरडलं, आणि पाचव्या दिवसापासून गूळ घालायच्या आधी एक वाटी आमटी बाजूला काढायला लागली. याबद्दल दोघांमध्ये एक अक्षर झालं नाही. वाटी त्याच्यापुढे यायची, तो खायचा.

आता वादाबद्दल. पहिला आम्ही सगळेच खेळलो होतो, कोणी हॉस्टेलवर, कोणी मामाच्या कॉम्प्युटरवर. दुसरा का आपटला यावर मात्र तेरा तोंडांची तेरा मतं. निखिल आयटीतला, शेजारच्या गल्लीत राहायचा. त्याचं म्हणणं, लढाईची पद्धत बदलली तिथेच घात झाला. पहिल्यात आपली पाळी आली की शांतपणे विचार करून वार करता यायचा, दुसऱ्यात नुसती बटणं बडवायची. सागर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, म्हणजे त्याला कशावरही बोलता यायचं. तो म्हणायचा की चुकीच्या आठवड्यात काढला, त्याच सुमारास दुसरा मोठा खेळ आला, सगळं गिऱ्हाईक तिकडे. आणि मी? मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि या विषयातलं सर्वोच्च न्यायालय होते. चाहत्यांच्या एका ग्रुपवर मी मराठीत लांबलचक लिहायचे. लोक वाट बघायचे माझ्या लिहिण्याची. माझा मुद्दा असा की पहिले सहा तास काही घडतच नाही. पहिल्या भागातला तो एवढा मोठा योद्धा, त्याला एका परक्या शहरात आणून सोडलंय, कोणी ओळखत नाही, तो बापडा पोती उचलतोय, पत्ते विचारत फिरतोय. "हा खेळ आहे की रोजगार हमी?" असं मी लिहिलं होतं आणि त्यावर ग्रुपवर दिवसभर हसू चाललं होतं. स्वतःच्या वाक्यावर मी इतकी खूश होते की ते खानावळीत तीनदा म्हणून दाखवलं.

दुसऱ्याची बाजू घेणारा एकटा गजूभाऊ. त्याला वाद घालता येत नसे. तो फक्त म्हणायचा, "नाही, चांगला आहे न तो. तुमी समजून नाही राहिले." का चांगला, ते काही सांगता यायचं नाही. मग सगळे त्याच्यावर तुटून पडायचे, तोही हसायचा, पोळी मोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. मला त्याचा राग यायचा, खरंच यायचा. इतके मुद्दे मांडावेत आणि समोरच्याने नुसतं "चांगला आहे न" म्हणावं! एका दुपारी मी बाबांचा मार्कर घेतला, पुठ्ठा घेतला आणि झकास पाटी केली: "दुसऱ्या भागाची स्तुती करणाऱ्यांची येथे जेवणाची सोय नाही. — हुकुमावरून." हात धुवायच्या बेसिनवर, बाबांच्या दोन पाट्यांच्या मधोमध चिकटवली. संध्याकाळी निखिल वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. सागरने फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कौतुक झेलत होते. गजूभाऊ त्या दिवशी दिसला नाही, याकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आईने तीन दिवस वाटी बाजूला काढली, मग गावी गेला असेल म्हणून थांबली. आठवडा उलटला. "सांगून जाणारा मुलगा आहे तो," ती एकदा म्हणाली, आणि एकदा त्याला फोन करून पाहिला, तो लागला नाही. बारा दिवस गेले. एका संध्याकाळी आईने सगळ्यांना उद्देशून विचारलं की गजाननची काही खबर आहे का रे कोणाला. सागर भात कालवता कालवता म्हणाला, "अहो काकू, तो त्या दिवशी पाटी वाचून परत गेला ना. मी मागेच उभा होतो. पाटी वाचली, दोनदा वाचली, चपला घातल्या आणि गेला. मला वाटलं, काही काम आठवलं असेल. आता हडपसरलाच राहायला गेलाय म्हणे, कारखान्यातल्या मुलांबरोबर."

"कुठली पाटी?" आई म्हणाली.

ती पळी हातात घेऊनच बेसिनपाशी गेली आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आमच्या भिंतीवरचं काही वाचलं. मग तिने बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, चष्मा लावला, वाचलं, माझ्याकडे वळले. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "मजकूर हलकट आहे." एवढं बोलून ते खाली बसले आणि त्यांनी ताटाला नमस्कार केला, म्हणजे त्यांचं जेवण संपलं. मी गडबडीने बोलायला लागले, अगं आई, ती गंमत होती, सगळ्यांना कळलं ना, बाबांच्या पाट्या नाहीत का तशा? आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या दारातून एक मूल न जेवता गेलं, आणि मला बारा दिवस पत्ता नाही." मी म्हटलं, आत्ता फोन करते. "फोन नाही करायचा. पाटी काय फोनवर लावली होतीस? तू घालवलंस, तू जाऊन आण. नाही आला तर ये तशीच, मला सांग." त्या रात्रीच्या जेवणात दुसऱ्या भागाचं नाव कोणी काढलं नाही.

रविवारी सकाळी मी हडपसरच्या बसमध्ये बसले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. गंमत समजून घ्यायला हवी होती, असं एक वाक्य होतं. पुण्यात राहायचं म्हणजे कातडी जाड हवी, असं दुसरं. केवढा तो माज! आज ती मुलगी समोर आली तर दोन फटके देईन. सागरने दिलेला पत्ता शोधत गेले. गजूभाऊ खाली नळावर कपडे धूत होता. मला बघून तो घाईने उठला, हात शर्टाला पुसले आणि पहिलं काय विचारलं, तर "काकू बरी आहे न?"

जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. मी म्हटलं, "गजूभाऊ, ती पाटी मी लिहिली होती."

"काकूनं नाही लिहिली?"

"नाही. मी लिहिली. गंमत म्हणून."

"पण अक्षर तं बाकीच्या पाट्यांचंच होतं न."

"माझं अक्षर बाबांसारखं आहे. आईला तर कालपरवापर्यंत माहीतही नव्हतं."

"म्हणजे काकूले माहीतच नव्हतं?" त्याने पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "काकूनं नाही न लिहिली मग?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेळाचं त्याला काहीच नव्हतं. मी त्याच्या आवडत्या गोष्टीची हजार वेळा टर उडवली होती, ती त्याने हसून सोडून दिली होती. बारा दिवस त्याला एकच गोष्ट डाचत होती, की ज्या बाईने न मागता वाटी पुढे ठेवली तिनेच आपल्याला जेवायला येऊ नको म्हणून सांगितलं.

"मग विचारायचं ना रे येऊन!" मी जवळजवळ रडत ओरडले.

"काय विचारायचं? लिहून लावलं होतं न. मले वाटलं, आपण जेवताना लई बोलून राहिलो, काकूले कटाळा आला असन. आमच्याकडे घरधन्यानं भिंतीवर लिहून लावलं तं ते खरंच असते. चेष्टा करायची असली तं तोंडावर करतात."

मी माफी मागितली. जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. तो "जाऊ दे न" म्हणाला आणि मला अवघडायला नको म्हणून असेल, आपण होऊन खेळावर आला. इतके दिवस त्याला सांगता येत नव्हतं ते त्याने त्या पायरीवर सांगितलं. "पहिल्यात तो कुठंबी गेला की गाव गोळा होते. दुसऱ्यात त्याले कोणी ओळखत नाही. नाव सांगितलं तं चुकीचं घेतात. मी पुण्यात आलो न, सहा महिने मले कोणी नावानं हाक नाही मारली. कारखान्यात नंबर, खोलीवर 'ए नवीन'. पयले काकूनं मारली. त्या खेळात बी अशीच एक म्हातारी आहे, सहाव्या तासाले. ती त्याले नावानं बोलावते. तिथं मी रडलो, सांगून ठेवतो." मग त्याने सहज विचारलं, "तुले ती म्हातारी नाही आवडली काय? तू कुठवर खेळली?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या म्हातारीबद्दल एका तासाभराच्या व्हिडिओत ऐकलेली चार वाक्यं मला पाठ होती. पण त्या पायरीवर ती तोंडातून बाहेर पडेनात. "मी खेळलेच नाहीये," मी म्हटलं. "आमच्या कॉम्प्युटरवर चालत नाही तो. मी लोकांचे व्हिडिओ बघितलेत."

गजूभाऊ हसला नाही. त्याला खरंच समजत नव्हतं. "मंग इतके दिवस तू कशाबद्दल भांडून राहिली होती?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. आज माझी मुलगी न पाहिलेल्या सिनेमावर तावातावाने बोलते तेव्हा तिला रागवायला तोंड उघडते आणि मिटते. मला वाटतं, आम्हाला पहिला इतका आवडला होता की तो आवडण्याचे दिवस संपले, हे सोसवत नव्हतं. आणि मग दुसऱ्यावर तुटून पडणं हा पहिल्याजवळ राहण्याचा एक मार्ग होता. हे आत्ताचं शहाणपण. तेव्हा मी फक्त मान खाली घातली आणि म्हटलं, "आईने जेवायला बोलावलंय. येतोस का?" त्याने पिळलेले कपडे तसेच बादलीत ठेवले.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसली होती. आईने त्याला पाहिलं, "हात धू" एवढंच म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर बराच वेळ बाहेर आली नाही. पाटी तिथे नव्हती, चिकटपट्टीचे चार डाग होते. मी सगळ्यांसमोर उभी राहिले. म्हटलं, गजूभाऊ माझ्यामुळे गेला होता, आणि आणखी एक, मी दुसरा भाग कधी खेळलेच नाही. मला वाटलं, आता निखिल माझी सालटी काढणार. तर तो खाली बघून पोळीचा तुकडा भाजीत घोळवत बसलेला. तेवढ्यात आई अळूचं पातेलं घेऊन बाहेर आली.

"मग तुमच्यापैकी खेळलंय कोण?" तिने विचारलं.

"काकू, मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलाय," निखिल म्हणाला.

"बघितलायस. खेळलायस का?"

"किंमत उतरल्यावर घेणार होतो."

सागर म्हणाला की परीक्षेनंतर घेणार होता. आणखी एकाने मित्राकडे दहा मिनिटं हातात धरला होता. आई एकेकाच्या ताटात भाजी वाढत पुढे सरकत होती आणि एकेक जण कबूल होत होता. तेरा जणांत दुसरा भाग विकत घेतलेला, खेळलेला, संपवलेला माणूस एकच, आणि तो मान खाली घालून जेवत होता.

"अरे, मग खपेल कसा?" आई म्हणाली.

बाबा कोपऱ्यातून, पेपर खाली न करता म्हणाले, "न जेवता आमटी खारट म्हणणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत." पहिला हसला तो गजूभाऊ. मग सगळेच.

तो रोजचा म्हणून पुन्हा कधी आला नाही. हडपसरची खोली घेतली होती, आगाऊ पैसे भरले होते. आणि खरं सांगायचं तर रोज तासभर बसमधून येण्याची त्याची ती ओढ मी एकदा मोडली ती मोडलीच. आईने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, पण संध्याकाळी आमटीत गूळ घालताना तिचा हात क्षणभर थांबायचा ते मी पाहायचे. रविवारी मात्र तो यायचा. जेवणं आटोपली, टेबलं पुसली की पिशवीतून आपलं खेळाचं यंत्र काढून आमच्या टीव्हीला जोडायचा आणि मला म्हणायचा, "खेळ." स्वतः बाजूला बसून आईला कोथिंबीर निवडू लागायचा. एक शब्द बोलायचा नाही. मी पोती उचलली, पत्ते विचारले, चुकीच्या नावाने हाका ऐकल्या. सहाव्या तासाला ती म्हातारी आली तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. संपवायला दिवाळी उजाडली.

शेवट मला आवडला नाही. अजूनही आवडत नाही. लढाया कंटाळवाण्या आहेत, शेवटचे दोन तास ओढूनताणून आणलेत, आणि त्या म्हातारीला पुढे विसरूनच गेलेत, हा तर गुन्हा आहे. हे सगळं मी त्या दुपारी गजूभाऊला सांगितलं, जरा चाचरतच, कारण पुन्हा त्याचं मन दुखवायची मला भीती वाटत होती. त्याने कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली, मांडी घालून माझ्यासमोर नीट बसला आणि म्हणाला, "आता बोल. आता ऐकतो." चार वाजेपर्यंत आम्ही भांडलो. त्याने माझे दोन मुद्दे मान्य केले, मी त्याचा एकही केला नाही. आई मध्ये एकदा चहा ठेवून गेली, तिने गप्प बसा म्हटलं नाही. निघताना दारात चपला घालता घालता तो मोठ्यांदा म्हणाला, "सपशेल चुकीची आहे तू!" आणि पुढच्या रविवारी जेवायला आला.